घर विकण्यापूर्वी

घर ही रोज विकत घेण्याची वस्तू नाही. बहुतेक माणसे आयुष्यात एकदाच घर घेतात. त्यासाठी वर्षानुवर्षे काटकसर करतात, कर्जही काढतात. म्हणून घर घेणारा ते नीट पारखून घेतो. मग घर विकणाऱ्याने काय करावे?

समजा, तुमच्या शेजारचे चाचा आपले जुने घर विकणार आहेत. ते म्हणतात, "भिंतींना रंग लावला की झाले!" पण रंगाने घराचे दुखणे बरे होते का? चला, आपण त्यांच्याबरोबर घरातून एक फेरी मारू.

प्रथम वर छताकडे पाहा. कोपऱ्यात काळपट डाग दिसतो ना? ती ओल आहे. गच्चीला भेगा पडल्या, की पावसाचे पाणी त्यांतून आत उतरते. भिंतीतला नळ फुटला, तरी ओल येते. जमिनीतले पाणीसुद्धा भिंतीत वर चढते. विटेत बारीक छिद्रे असतात. दिव्याची वात तेल वर ओढते, तशी वीट पाणी वर ओढते. अशा ओल्या भिंतीवर रंग टिकत नाही. थोड्याच दिवसांत त्याचे पोपडे निघतात. म्हणून पाणी कोठून येते, ते आधी शोधावे. ती वाट बंद करावी. भिंत पूर्ण वाळू द्यावी आणि मगच रंग लावावा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस असतो. ओल कोठे आहे, ते या दिवसांत कळते. पण रंगाचे काम पाऊस संपून भिंती वाळल्यावरच काढावे.

आता भेगा पाहा. गिलाव्यावरची केसासारखी बारीक भेग सहज बुजवता येते. मात्र भिंतीच्या आरपार गेलेली किंवा रुंद होत जाणारी भेग धोक्याची असते. स्लॅबचे तुकडे पडून आतली गंजलेली सळई दिसू लागली, तर तेही धोक्याचे. लोखंड गंजले की फुगते आणि भोवतालचे काँक्रीट फोडते. अशा वेळी जाणत्या इंजिनिअरचा सल्ला घ्यावा.

काही कामे अगदी लहान असतात. नळातून सेकंदाला एक थेंब गळला, तर दिवसात ८६,४०० थेंब वाया जातात! पुष्कळदा नळाचा वायसर तेवढा झिजलेला असतो. तो बदलावा. करकरणाऱ्या बिजागरीला तेल द्यावे. फुटकी काच, तुटकी कडी बदलावी. विजेचे काम मात्र वायरमनकडूनच करून घ्यावे. अडगळ काढून घर स्वच्छ केले, की तेच घर मोठे आणि उजेडाचे वाटते. महागड्या फरशा बसवण्याची घाई करू नये. घेणाऱ्याची आवड वेगळी असू शकते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. डागडुजी करणे वेगळे आणि दोष झाकणे वेगळे. आपल्या देशात १८८२ सालचा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आहे. त्याच्या ५५ व्या कलमात विकणाऱ्याची कर्तव्ये दिली आहेत. एखादा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, पण घेणाऱ्याला नेहमीची काळजी घेऊन पाहिले तरी तो कळण्यासारखा नाही, तर विकणाऱ्याने तो सांगितला पाहिजे.

म्हणून चाचांनी गच्ची दुरुस्त करावी, घर रंगवावे आणि जे दुरुस्त झाले नाही ते स्पष्ट सांगावे. कदाचित थोडे पैसे कमी मिळतील. पण पुढच्या पावसाळ्यात त्या घरात राहणारी माणसे त्यांना दोष देणार नाहीत. घराबरोबर माणसाचा शब्दही पारखला जातो.

स्वाध्याय
१. ओल्या भिंतीवर रंग का टिकत नाही?
२. कोणत्या भेगा धोक्याच्या असतात?
३. 'डागडुजी करणे' आणि 'दोष झाकणे' यांत काय फरक आहे? तुमच्या शब्दांत सांगा.