गाय-म्हैस वारंवार उलटते? शुक्राणूच्या डीएनएकडेही लक्ष द्या

बारामती आणि इंदापूर परिसरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या आसपास जातो. या काळात रेतन वेळेवर होऊनही जनावर उलटले, की आपण दोष मादीलाच देतो. मात्र काही वेळा कारण नराच्या शुक्राणूत असते.

शुक्राणू पळतो, पण गर्भ टिकत नाही

सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणूंची हालचाल दिसते, आतल्या डीएनएची मोडतोड दिसत नाही. असा शुक्राणू बीज फलित करू शकतो. बीज थोडीफार दुरुस्ती करते, पण तिला मर्यादा असते. गायीचा गर्भ ८ ते १६ पेशींचा झाला, की त्याची स्वतःची जनुके कामाला लागतात. नराकडून आलेला डीएनए खराब असेल, तर वाढ इथेच थांबू शकते. गाय २१ दिवसांनी पुन्हा माजावर येते आणि आपल्याला वाटते, की ती फळलीच नाही.

प्रत्येक प्राण्यात फरक का?

शुक्राणूतील डीएनए प्रोटामीन नावाच्या प्रथिनावर घट्ट गुंडाळलेला असतो. या प्रथिनातील गंधकाचे बंध गाठीसारखे काम करतात.

- वळू व वराह: मुख्यतः पहिल्या प्रकारचे प्रोटामीन असते. बांधणी तुलनेने भक्कम.
- माणूस व घोडा: दोन्ही प्रकारची प्रोटामीन असतात. नुकसानीचा धोका तुलनेने जास्त.
- कोआला (ऑस्ट्रेलियातील प्राणी): प्रोटामीनमध्ये गंधकाचे बंधच नसतात, त्यामुळे गुंडाळी लवकर सैल होते.
- रेडा: शुक्राणूच्या आवरणातील चरबी लवकर खराब होते, म्हणून गोठवताना व वितळवताना जास्त जपावे लागते.

वळूचा डीएनए भक्कम असला, तरी अभेद्य नाही. १९८० मध्ये डोनाल्ड एव्हन्सन व सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवले, की कमी प्रजननक्षम वळू व पुरुषांच्या शुक्राणूतील डीएनए उष्णता दिल्यावर लवकर उलगडतो.

उन्हाचा फटका उशिरा दिसतो

अंडकोशाचे तापमान शरीरापेक्षा काही अंशांनी कमी राहावे लागते. ऊन किंवा ताप यामुळे ते वाढले, की तयार होत असलेले शुक्राणू बिघडतात. वळूत शुक्राणू तयार व्हायला सुमारे ६१ दिवस लागतात, बोकड व मेंढ्यात सुमारे ४७ दिवस. पुढे पक्व होण्यासाठी आणखी काही दिवस जातात. म्हणून मेमधील उन्हाचा परिणाम जुलैपर्यंत राहू शकतो.

काय करावे?

1. रेडा, वळू, बोकड यांना दुपारी सावली, हवेशीर गोठा आणि मुबलक पाणी द्या. रेड्याला डुंबायला सोडा किंवा अंगावर पाणी मारा.
2. नराला जास्त ताप येऊन गेला असेल, तर पुढचे दोन-अडीच महिने नैसर्गिक रेतनासाठी त्याच्यावर अवलंबून राहू नका.
3. वीर्यकांडी ३७ अंश सेल्सिअस पाण्यात ३० सेकंद वितळवा आणि लगेच वापरा. गरम पाण्याचा अंदाज हाताने घेऊ नका, थर्मामीटर वापरा. वितळलेली कांडी पुन्हा नायट्रोजनच्या कंटेनरमध्ये टाकू नका.
4. नायट्रोजनची पातळी नियमित पाहा. कांड्या कंटेनरच्या तोंडाशी जास्त वेळ धरू नका.
5. कांडीवरील वळूचा क्रमांक व तारीख प्रत्येक वेळी वहीत लिहा. तीन वेळा उलटल्यास पशुवैद्यकाकडून गर्भाशयाची तपासणी करून घ्या आणि पुढच्या वेळी दुसऱ्या वळूची कांडी मागा.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी: एकाच वळूची किंवा एकाच तारखेची कांडी वापरलेली अनेक जनावरे उलटत असतील, तर त्या नोंदी वीर्य पुरवणाऱ्या केंद्राला कळवा. एका गोठ्यात न दिसणारी गोष्ट गावभरच्या नोंदीत दिसते. प्रत्येक वाया गेलेला माज म्हणजे २१ दिवसांचा चारा आणि वेताला तेवढा उशीर.