अरुंद पडद्यावरील पद : संकेतस्थळाची मांडणी आणि नामदेवांची पंजाबातील रचना

चंदीगड येथे २००३ मध्ये स्थापन झालेल्या पंजाब डिजिटल लायब्ररीने २००९ मध्ये आपला संग्रह आंतरजालावर खुला केला. त्या काळी संकेतस्थळे बहुधा मेजावरच्या संगणकाच्या रुंद पडद्यासाठी रचली जात. पुढच्याच वर्षी इथन मार्कोट यांनी पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप बदलणाऱ्या मांडणीची कल्पना मांडली आणि आज तीच रूढ झाली आहे. वृत्तपत्राला ती सोयीची आहे. मध्ययुगीन काव्याच्या बाबतीत मात्र ओळ कोठे मोडते हा प्रश्न थेट पाठचिकित्सेचा होतो.

गुरू ग्रंथ साहिबातील नामदेवांची ६१ पदे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. तेथे कडव्याच्या शेवटी दंड व क्रमांक येतो. पदाच्या अखेरीस त्याला पदाच्या क्रमांकाचीही जोड मिळते. ध्रुवपदापाशी ‘रहाउ’ असा निर्देश असतो. मराठी गाथांतील ‘ध्रु.’ या खुणेचे कार्य तेच. पण रहाउची ओळ पुष्कळदा पहिल्या कडव्यानंतर येते, आणि तुलनेत हे स्थानच पुरावा ठरते. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर न्याहाळक ओळ मोडतो तो रिकाम्या जागेपाशी. दंडापूर्वी साधी रिकामी जागा असली, तर क्रमांक एकटाच खालच्या ओळीत उतरतो आणि पुढील कडव्याचा आरंभक्रमांक भासतो. रहाउही भलत्याच ओळीला चिकटतो. (चंदीगडात सेक्टर न सांगता नुसता घरक्रमांक द्यावा, तशी ही गत.) उपाय अवघड नाही. दंडापूर्वी न तुटणारी जागा योजावी, प्रत्येक कडवे संहितेत स्वतंत्र घटक म्हणून नोंदवावे आणि मोडून खाली आलेला ओळीचा भाग किंचित आत सरकवावा.

जुन्या हस्तलिखितांची अडचण याहून खोल आहे. त्यांतील ‘लडीवार’ लेखनात शब्द एकमेकांना जोडून येतात. मोडी कागद वाचणाऱ्यास हे नवे नाही. न्याहाळकाला येथे थांबण्यास जागाच सापडत नाही, त्यामुळे ओळ पडद्याबाहेर जाते किंवा बळाने तोडावी लागते. पदच्छेद करणे म्हणजे एक अर्थ निवडणे होय. पडद्याच्या सोयीसाठी तो गुपचूप करणे हे संपादनच आहे, आणि त्याची नोंद वाचकासमोर असलीच पाहिजे. पानाची प्रतिमा व अक्षरबद्ध पाठ अरुंद पडद्यावर शेजारी मावत नसतील, तर एकाकडून दुसऱ्याकडे जाताना निदान तीच ओळ समोर राहावी.

दिशादर्शनाचा प्रश्न ग्रंथाच्या रचनेतूनच उद्भवतो. ग्रंथ ३१ रागांत विभागलेला आहे आणि नामदेवांची पदे त्यांपैकी १८ रागांत विखुरलेली आहेत. रागक्रमाने वाचणारा आणि केवळ नामदेव एकत्र पाहू इच्छिणारा, या दोघांनाही स्वतंत्र वाट हवी. लहान पडद्यावर विषयसूची तीन आडव्या रेघांमागे दडते, आणि शोधयंत्रातून आलेला वाचक एकदम पदाच्या मध्यावर उतरतो. म्हणून प्रत्येक पदाच्या माथ्यावर राग, रचनाकार व अंग, म्हणजे पृष्ठ, दर्शविणारी एक ओळ कायम असावी. १४३० अंगांची प्रमाण छापील प्रत असल्याने हा पत्ता स्थिर आहे. तो दुव्यातही उतरवता येतो. मराठी बाजूस अशी सोय नाही. अभंगाचा क्रमांक गाथेच्या आवृत्तीगणिक बदलतो, आणि त्यामुळे तुलनेसाठी जोडलेल्या प्रत्येक मराठी अभंगाच्या दुव्यात क्रमांकाबरोबर गाथेचे नाव व प्रकाशनवर्षही द्यावे लागते.