निसानने अमेरिकेला जे इंजिन दिलंच नाही, ते लोकांनी जपानहून आणून स्वतः गाडीत बसवलं

ड्रिफ्टिंगचे व्हिडिओ बघत असाल तर निसान २४०एसएक्स ही गाडी तुमच्या नजरेखालून नक्की गेली असेल. लांब बॉनेट, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना आणि वजन बेताचं. यातल्या बऱ्याच गाड्यांचं बॉनेट उघडलं तर आत कंपनीने दिलेलं इंजिन सापडत नाही.

त्यामागे अमेरिकन ग्राहकांची एक जुनी खदखद आहे. जपानमध्ये हीच गाडी सिल्व्हिया आणि १८०एसएक्स या नावांनी मिळायची आणि १९९१ पासून तिच्यात एसआर२०डीईटी हे २ लिटरचं टर्बो इंजिन यायचं. ताकद २०५ अश्वशक्ती. अमेरिकेत मात्र निसानने त्याच गाडीत २.४ लिटरचं, बिनटर्बोचं केए२४ इंजिन बसवलं. ते मजबूत होतं, पण त्याच घराण्यातलं इंजिन कंपनीच्या पिकअप ट्रकमध्येही होतं आणि गाडीची ताकद १५५ अश्वशक्तीवर थांबली. स्पोर्ट्स कारचे पैसे मोजून ट्रकचं इंजिन का घ्यायचं, असं लोक म्हणू लागले.

उपाय जपाननेच पुरवला. तिथे गाडी जुनी झाली की दर दोन वर्षांनी करावी लागणारी सरकारी तपासणी खिशाला जड जाते. त्यामुळे चांगल्या गाड्याही लवकर भंगारात निघतात. त्यांची इंजिनं, कधी गाडीचा कापलेला अख्खा पुढचा भाग, जहाजाने अमेरिकेत येऊ लागला.

आता इंजिन कोणतं घ्यायचं, इथे खरी गंमत आहे. एसआर२०डीईटी एकच नाही. १९९३ मध्ये आलेल्या एस१४ सिल्व्हियात त्याला व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग मिळालं आणि ताकद २२० वर गेली. ‘व्हीव्हीटी’ ही अक्षरं आपल्याकडे स्विफ्ट-बलेनोच्या माहितीपत्रकात दिसतात, पण त्याने नेमकं होतं काय?

इंजिनमध्ये हवा आत घेणारे व्हॉल्व्ह कॅमशाफ्टच्या इशाऱ्यावर उघडतात आणि मिटतात. इंजिन जोरात फिरत असताना आत येणाऱ्या हवेला वेग असतो, म्हणून व्हॉल्व्ह थोडा उशिरा मिटला तर जास्त हवा आत जाते. हळू फिरताना हाच उशीर नडतो, कारण आत आलेली हवा पिस्टन परत बाहेर ढकलतो. साध्या इंजिनात या दोन्हींच्या मधली एक वेळ कायमची ठरवावी लागते. टर्बोला तर कमी वेगात आधीच धाप लागलेली असते, कारण त्याला फिरवणारा धूर पुरेसा नसतो. एस१४ च्या इंजिनात कॅमशाफ्टच्या टोकाला तेलाच्या दाबावर चालणारी एक पुली आहे. कमी आणि मध्यम वेगात जोर लागला की ती व्हॉल्व्हची वेळ अलीकडे आणते आणि वेग वाढला की पुन्हा मूळ जागी सोडते. आजच्या इंजिनांसारखी ती हळूहळू सरकत नाही. चालू किंवा बंद, एवढंच. तरीही टर्बो जागा व्हायला लागणारा वेळ कमी वाटतो आणि रोज चालवायच्या गाडीत हा फरक कमाल ताकदीपेक्षा जास्त जाणवतो.

मग सगळेच एस१४ चं इंजिन का घेत नाहीत? कारण ही पुली आपली आपण हलत नाही. तिला तेल सोडणारा सोलेनॉइड उघडायचा आदेश ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक देतो. पैसे वाचवायला कुणी १९९१ च्या इंजिनचा ईसीयू लावला तर इंजिन सुरू होतं, गाडीही पळते, पण आदेश कधी जातच नाही. मालक मिरवतो व्हेरिएबल टायमिंग आणि चालवतो साधं इंजिन! काही जण ठराविक वेगाला चालू-बंद होणारा वेगळा स्विच बसवून वेळ मारून नेतात. त्यापेक्षा एस१४ चाच ईसीयू आणि वायरिंग घेतलेलं बरं. ही पुली झिजली की इंजिन डिझेलसारखं खडखडतं, तेव्हा जुनं इंजिन घेताना तो आवाज आधी ऐकावा.

बाकी यांत्रिक काम त्यामानाने सोपं, कारण गाडीचा सांगाडा मुळात याच इंजिनसाठीही बनलेला आहे. गिअरबॉक्स मात्र एसआरचाच लागतो. घाम फोडतं ते वायरिंग. जपानी गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे, अमेरिकेत डावीकडे, त्यामुळे तारा तोडून, लांबवून पुन्हा जोडाव्या लागतात. आणि एक गोष्ट अनेक जण विसरतात, ती म्हणजे पेट्रोल. जपानी ईसीयू तिथल्या जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलवर बेतलेला असतो. कॅलिफोर्नियातल्या हलक्या पेट्रोलवर त्याच इंजिनचा टर्बो-दाब वाढवला तर नॉकिंग होऊन पिस्टन फुटू शकतो.

कॅलिफोर्नियात कायद्याचाही अडसर आहे. तिथे बदललेलं इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा त्यानंतरचं, तिथल्या प्रदूषण नियमांत प्रमाणित आणि सगळ्या मूळ उपकरणांसह असावं लागतं. एसआर२०डीईटी अमेरिकेत कधी विकलंच गेलं नाही, तर प्रमाणपत्र येणार कुठून? (आपल्याकडे हे रील बघून हात शिवशिवत असतील तर थांबा. कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळे ठरतील असे बदल गाडीत करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय.)

अलीकडे मात्र या उद्योगाची गरजच कमी होत चालली आहे. अमेरिकेत २५ वर्षं जुनी परदेशी गाडी आयात करता येते. १९९९ च्या सुरुवातीला आलेली आणि त्याच इंजिनचं २५० अश्वशक्तीचं रूप असलेली एस१५ सिल्व्हिया २०२४ पासून या नियमात बसू लागली. म्हणजे इंजिन न आणता आता अख्खी गाडीच आणता येते, फक्त स्टिअरिंग उजवीकडे ठेवून.