सहाव्या मण्याची सोयरीक

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. ती घडी घालून बसली की दूरचे मणी शेजारी येतात. कोण कोणाला टेकले, यावर तिचा स्वभाव ठरतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत असे १४६ मणी. सिकलसेलमध्ये एका ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते, हे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५७ मध्ये दाखवले. ती जागा सहावी. प्राणवायू सुटताच हे पाणी टाळणारे व्हॅलिन शेजारच्या रेणूतील ८५ व्या फिनिलअॅलनिन आणि ८८ व्या ल्युसिनजवळच्या खाचेत शिरते. रेणूंचे दोर वळले जातात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. गडचिरोली, नंदुरबारच्या कित्येक आदिवासी घरांतील पोरांच्या वेदनेचे मूळ या एवढ्याशा स्पर्शात आहे! आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक. म्हणूनच पत्रिकेआधी रक्त तपासावे.