काचेतले आकडे आणि आकाशातली वेळ

आपण घड्याळात वेळ पाहतो, पण घड्याळाला ती कोणी सांगितली, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. आपल्या पणजोबांना मात्र तो रोज पडत असावा. त्या काळी मुंबईची वेळ निराळी होती, आणि रेल्वे चाले मद्रासच्या वेळेने. 1 जानेवारी 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ आली आणि मुंबईच्या घड्याळांना एकोणचाळीस मिनिटे पुढे सरकावे असे सांगण्यात आले. मुंबईकरांना ते मुळीच रुचले नाही. गिरणी कामगार चिडले, सभा झाल्या, आणि मुंबईच्या महापालिकेने आपली जुनी वेळ 1955 पर्यंत सोडली नाही! पुढे घरोघरी रेडिओ आला आणि बातम्यांपूर्वीच्या ठोक्यांवर लोक घड्याळे लावू लागले. देशाची प्रमाणवेळ राखण्याचे काम नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते. वेळ सांगणारा असा बदलत आला. भिंतीवरचे घड्याळ मात्र तेच राहिले. काटे फिरवले की काम भागत असे.

पण जे घड्याळ आपली वेळ थेट उपग्रहाकडून घेते, त्याचे काटे कोणी फिरवायचे? हा प्रश्न गेल्या वर्षी आमच्या पिंप्राळ्यातल्या एका घरात उभा राहिला.

आमच्या गल्लीत नाना राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. उभा जन्म रेडिओ दुरुस्त करण्यात गेला. व्हॉल्व्हचे रेडिओ गेले, ट्रान्झिस्टर आले, तेही गेले. नानांची सोल्डरिंगची कांब काही थंड झाली नाही. 2006 साली त्यांनी आणि त्यांच्या थोरल्या मुलाने मिळून तीन घड्याळे केली. सागवानी पेटी नानांच्या हातची, जोडणी नानांची. आत बसवलेल्या इवल्याशा चिपमधला प्रोग्रॅम मुलाने लिहिलेला. एक घड्याळ नानांच्या घरी आहे, एक धुळ्याला लेकीकडे आणि एक पुण्याला सुनेकडे.

या घड्याळांना काटे नाहीत. त्यांत सहा काचनळ्या आहेत. त्यांना 'निक्सी' म्हणतात. अमेरिकेतील बरोज कंपनीने त्या 1955 च्या सुमारास बाजारात आणल्या, आणि सोव्हिएत रशियात त्या पुढे कितीतरी वर्षे तयार होत राहिल्या. नळीत निऑन वायू असतो आणि शून्यापासून नवापर्यंतचे दहा आकडे पातळ धातूचे करून एकामागे एक उभे केलेले असतात. ज्या आकड्याला सुमारे एकशेसत्तर व्होल्टचा दाब मिळतो, त्याच्याभोवती नारिंगी प्रकाश चढतो. विजेच्या टेस्टरमध्ये जो दिवा लागतो, त्याच जातीचा हा उजेड. रात्री दिवे मालवल्यावर तो आकडा काचेत जणू तरंगत असतो.

नळ्या रशियन, पेटी खानदेशी आणि वेळ आकाशातली! खिडकीपाशी ठेवलेली एक काळी डबी ती वेळ पकडी. सुमारे वीस हजार दोनशे किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांत आण्विक घड्याळे असतात. त्यांचे संदेश ऐकून ही डबी दर सेकंदाला घड्याळाला एक ओळ लिहून पाठवी.

अशी एकोणीस वर्षे गेली. मग 15 ऑगस्ट 2025 च्या सकाळी धुळ्याहून लेकीचा फोन आला, "नाना, तुमच्याकडेही 2005 साल आलं का हो?"

नानांनी पाहिले. तास बरोबर, मिनिटे बरोबर, सेकंदही बरोबर. पण तारखेची पाळी आली की सहा नळ्यांत उमटे 30-12-05. गंमत अशी की, 30 डिसेंबर 2005 लाही शुक्रवारच होता. वार चुकला नव्हता. वर्षे चुकली होती.

यामागचे कारण मोठे मौजेचे आहे. जीपीएसच्या जुन्या संदेशात तारीख नसते, आठवड्याचा क्रमांक असतो. मोजणीची सुरुवात 6 जानेवारी 1980 ची. आणि क्रमांकाला जागा इतकी तोकडी की 1023 नंतर पुन्हा शून्य. मोटारीच्या मीटरचे आकडे संपले की शून्ये येतात, तसेच. म्हणजे दर 1024 आठवड्यांनी, सुमारे एकोणीस वर्षे सात महिन्यांनी, मोजणी पहिल्यापासून सुरू होते. ऑगस्ट 1999 मध्ये आणि एप्रिल 2019 मध्ये असे घडले. डब्या बनवणारे यावर एक तोड काढतात. डबीचा प्रोग्रॅम ज्या सुमारास तयार झाला, तिथून पुढचे 1024 आठवडे ती बिनचूक ओळखते. नानांच्या डब्यांची ती मुदत 2025 च्या पावसाळ्यात संपली, आणि तिन्ही घरांत एकदम मागचे साल उगवले.

"नवी डबी आणू," नाना म्हणाले. पण तो नमुना बनायचा केव्हाच बंद झालेला. गोलाणी मार्केट पालथे घातले. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर माणूस पाठवला. जुन्या साठ्यातली एक कोरी डबी मिळालीसुद्धा, पण ती लावल्याबरोबर तिनेही 2005 च दाखवले. एकाच प्रोग्रॅमच्या त्या बहिणी. वीस वर्षे खोक्यात झोपून राहिल्याने मुदत थोडीच वाढते? नव्या जातीची डबी आणली, तर घड्याळ तिच्याशी बोलेचना.

तेव्हा एका जाणत्या दुकानदाराने सल्ला दिला, "नाना, आतली चिपच काढून टाका. नवी बसवू, नवा प्रोग्रॅम घालू. तासाभराचं काम."

नाना काही बोलले नाहीत. घड्याळ पिशवीत घालून घरी घेऊन आले. त्यांचा थोरला मुलगा 2021 च्या कोरोनात गेला. त्याचा जुना संगणक त्याआधीच भंगारात गेलेला; त्यामुळे त्या प्रोग्रॅमची दुसरी प्रत कुठेही नाही. तो आहे फक्त त्या तीन चिपांमध्ये, आणि तिथून तो वाचून काढताही येत नाही. "सर," नाना मला म्हणाले, "बाकी सगळं बदला. ती राहू द्या."

मी मराठीचा मास्तर. मला विजेतले काय कळणार? पण हस्तलिखिताची एकुलती एक प्रत हाती असली, तर तिच्यात खाडाखोड करायची नसते, टीप वेगळ्या कागदावर लिहायची असते, एवढे मला ठाऊक आहे. तेच मी बोललो. नानांची नात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुटीत ती पुण्याहून आली, आणि तिने नव्या डबीच्या ओळी आम्हांला पडद्यावर काढून दाखवल्या.

त्या पाहून मी थक्क झालो. ती तर पत्रेच होती! आधी मायना, मग मजकूर, आणि शेवटी बेरजेचा ताळा पाहावा तशी दोन अक्षरे. जुनी डबी 'जीपी' असा मायना लिही, कारण ती फक्त जीपीएसचेच ऐके. नवी डबी अमेरिकेबरोबर रशिया, युरोप आणि चीन यांच्याही उपग्रहांचे ऐकते, म्हणून ती मायना लिहिते 'जीएन'. मजकूर तोच, पण अनोळखी मायन्याचे पत्र घड्याळ उघडतच नव्हते. शिवाय जुनी डबी सावकाश बोले, सेकंदाला 4800 ठोक्यांनी. नवी दुपटीने भरभर. आणि जुनीचा व्यवहार पाच व्होल्टचा, नवीचा तीन पूर्णांक तीनचा.

मग दोघींच्या मध्ये एक दुभाषा बसवायचे ठरले. काही शे रुपयांची एक छोटी चिप. ती नव्या डबीचे पत्र घेते, मायना बदलते, ताळा नव्याने मांडते आणि जुन्या चालीने पुढे पाठवते. आमच्या पिंप्राळ्याला आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघतो. एवढा अवाढव्य रथ, पण त्याची दिशा वळते चाकाखाली सारलेल्या लाकडी मोगरीने. हा दुभाषा म्हणजे तशी मोगरीच!

वडिलांनी लिहिलेला प्रोग्रॅम काय मागतो, हे ओळखायला त्या मुलीला चार दिवस लागले. ती एकेक ओळ पाठवून पाही, आणि घड्याळ कशाला हूं म्हणते ते वहीत टिपून ठेवी. पाचव्या दिवशी सहा नळ्यांत त्या दिवसाची तारीख उमटली. "पप्पा ताळा तपासल्याशिवाय ओळ घेतच नाहीत, आजोबा," ती म्हणाली. नाना म्हणाले, "लहानपणापासूनच तसा होता तो."

आकाशातल्या घड्याळांचीही हीच कथा आहे. आपल्या 'नाविक' मालिकेतला पहिला उपग्रह 1 जुलै 2013 रोजी उडाला. त्यातली तिन्ही परदेशी आण्विक घड्याळे पुढे बंद पडली. त्याच्या जागी ऑगस्ट 2017 मध्ये पाठवलेला उपग्रह उष्णताकवच न सुटल्याने वाया गेला. एप्रिल 2018 मध्ये पुन्हा दुसरा पाठवावा लागला. आणि 29 मे 2023 रोजी गेलेल्या उपग्रहात अहमदाबादेत घडवलेले स्वदेशी आण्विक घड्याळ बसवलेले होते. वर जाऊन दुरुस्ती करता येत नाही, म्हणून तिथे अख्खा उपग्रहच बदलावा लागतो. घरातल्या घड्याळाचे तसे नाही.

नानांनी यंदा आणखी एक गोष्ट केली. नवी डबी त्यांनी तारेला कायमची जोडली नाही. ती सॉकेटमध्ये बसवली. "रेडिओतला व्हॉल्व्ह आम्ही कधी सोल्डर केला नाही," ते म्हणाले. "जो जाणार हे ठाऊक आहे, त्याला सॉकेटच पाहिजे." नव्या डबीचीही मुदत आज ना उद्या संपणारच. म्हणून नातीने पेटीच्या आत मराठीत एक कागद चिकटवला आहे: कोणती तार कशाची, दुभाषा काय करतो, आणि तारीख पुन्हा मागे गेली तर काय बदलायचे व कशाला हात लावायचा नाही.

दिवाळीची साफसफाई घरोघरी चालू असेल. माळ्यावरून एखादे बंद पडलेले यंत्र खाली उतरेल आणि भंगारवाला दारात उभाच असेल. ते त्याच्या हाती देण्यापूर्वी एकदा उघडून पाहावे. बिघडले आहे ते बहुधा एखादेच असते. आणि उरलेल्यात कोणाच्या हातचे काय आहे, ते घरच्यांवाचून दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?