खिशातली वाळू

आष्टी म्हटलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "बीडची का?" नाही हो, आमची आष्टी जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. गोदावरी जवळच, त्यामुळे वाळू कशी असते हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. वाळूचे ट्रॅक्टर दारावरूनच जातात. म्हणूनच दोन वर्षांपूर्वी होळीच्या सुट्टीत लेकीची जीन्स धुवायला काढली, खिसा उलटा केला आणि मी थबकले. हातात आलेली वाळू आपल्याकडची नव्हती. बारीक, पांढरट, आणि त्यात शिंपल्यांचे इवलेसे तुकडे.

लेक छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंगला. वसतिगृहात राहते. पंधरा दिवसांपूर्वी म्हणाली होती, "आई, कॉलेजकडून पुण्याला कंपनी बघायला नेणार आहेत. तीन दिवस." मी आनंदानं शेंगदाण्याचे लाडू धाडले होते.

मुठीतली वाळू मी तिच्यासमोर धरली. म्हटलं, "पुण्याला समुद्र कधी आला गं?"

ती आधी हसली. मग जी रडायला लागली, ती थांबेचना.

आठ जण गोव्याला गेले होते. पाच मुली, तीन मुलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किनाऱ्यावर लाल झेंडा होता. जीवरक्षक शिट्ट्या मारत होते. "गुडघाभरच तर पाणी आहे," म्हणत तिघी आत गेल्या. लाट परतताना पायाखालची वाळूच सरकली आणि हिची मैत्रीण आत ओढली गेली. जीवरक्षकानं तिला बाहेर काढलं म्हणून वाचली. पोटात पाणी गेलेलं, दवाखान्यात न्यावं लागलं. तिथं पहिलाच प्रश्न आला, "आई-वडिलांचा नंबर सांगा."

आठ लेकरं एकमेकांची तोंडं बघत राहिली. कुणी घरी सांगितलं होतं मामाच्या गावाला लग्न आहे, कुणी म्हणालं होतं परीक्षेचा अभ्यास आहे, आमच्या बाईसाहेब पुण्याला कंपनी बघत होत्या. नंबर कुणीच देईना.

"मी तुला फोन केला होता गं त्या रात्री," लेक म्हणाली.

मला आठवलं. रात्री आठचा सुमार. मी पिको-फॉलच्या मशीनवर बसले होते. "आई..." म्हणून ती गप्प झाली. मी म्हटलं, "काय गं, कंपनी बघून झाली का? सरांचं नीट ऐक बरं का." ती म्हणाली, "हो. सहजच केला फोन." आणि ठेवून दिला.

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप आली नाही. खोटं बोलल्याचा राग होताच. पण त्याहून जास्त टोचत होतं माझंच एक वाक्य. त्याच्या आदल्या वर्षी तिनं सरळ विचारलं होतं, "आई, मैत्रिणी गोव्याला चालल्यात, जाऊ का?" तेव्हा मी पोळ्या लाटता लाटता म्हटलं होतं, "गोव्याचं नाव काढलंस तर शिक्षण बंद करून घरी बसवीन." मी बोलले आणि विसरून गेले. ती विसरली नव्हती.

गोवा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? दारू, नाचगाणी, तोकडे कपडे. आणि शेजारची म्हातारी म्हणते तसं, "बाई, पोरीला असल्या गावाला कशाला धाडायचं? लोकं काय म्हणतील?" या भीतीत आपण इतक्या गुंततो की खरी भीती कशाची, हे लेकरांना सांगायचंच राहून जातं. खरी भीती पाण्याची आहे. आमच्यापासून समुद्र चारशे किलोमीटरच्या पुढे. इथं मुलांच्या पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकवतात, पोरींनी मात्र विहिरीवर जायचं ते पाणी शेंदायला. अशा पोरी पहिल्यांदा समुद्र बघतात आणि हरखून जातात. बरं, सर सोबत असले म्हणजे काळजी नाही, असंही नाही. 1 फेब्रुवारी 2016 ला पुण्याच्या एका कॉलेजची सहल रायगड जिल्ह्यातल्या मुरूडला गेली होती. 14 विद्यार्थी बुडाले. ती घरी सांगून गेलेली लेकरं होती, रीतसर सहल होती. समुद्र हे काही बघत नाही.

म्हणून मग मी माहिती काढायला लागले. गोव्याच्या किनाऱ्यांवर 2008 पासून जीवरक्षक आहेत. लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरायचं नाही. लाल-पिवळे झेंडे असतील, तर त्या दोहोंच्या मधल्या जागेतच उतरायचं. दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मधला पट्टा शांत दिसतोय, तर तो पट्टा सुरक्षित समजू नये. पाणी आत ओढणारा प्रवाह बऱ्याचदा तिथंच असतो. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे सरळ झुंजायचं नाही, दमछाक होते. हात वर करून मदत मागायची, पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हायचं. पावसाळ्यात तर उतरायचंच नाही.

दुसरी भीती गाडीची. भाड्याची गाडी घ्यायची तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच, लायसन्स आणि हेल्मेटसकट. दारूबद्दलही मी लेकीशी मोकळेपणानं बोलले. जीभ अडखळली, पण बोलले.

मागच्या डिसेंबरात तिनं पुन्हा विचारलं. या वेळी खरं खरं. तिचे बाबा पेपरात डोकं घालून बसले. मी म्हटलं, "जा. कोण कोण येणार, कुठं उतरणार ते लिहून ठेव. सगळ्यांच्या घरचे नंबर सगळ्यांकडे असू देत. आणि काहीही झालं, अगदी तुझीच चूक असली, तरी पहिला फोन मला. रागवायचं ते मी घरी आल्यावर रागवेन."

गेली. मंगेशीचं दर्शन घेतलं. जुन्या गोव्याहून फेरीबोटीत बसून मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर गेली. तिथूनच मला फोन. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ या बेटावर होतं, पोर्तुगीजांनी ते पाडलं, मग देव नदीपलीकडे नार्व्याला नेला आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला, हे सगळं तिनं मला एका दमात सांगितलं. मला तर गोव्यात असंही काही असतं हे ठाऊकच नव्हतं.

शेजारच्या म्हातारीनं विचारलंच, "पोरगी दिसंना?" मी म्हटलं, "गोव्याला गेलीय. सांगून गेलीय." म्हातारी क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सांगून गेली व्हय? मग बरं हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीनवर बसले होते, तोच मोबाइलवर फोटो आला. वाळूत रोवलेले दोन लाल-पिवळे झेंडे. खाली लिहिलं होतं, "आई, उतरू का?"

साडी तशीच सुईखाली ठेवून मी उत्तर टाईप केलं, "गुडघ्यापर्यंत."