'वेतनाची अपेक्षा किती?' : मुलाखतीतील एका प्रश्नाचा विचार

नुकतीच आंतरवासिता पूर्ण केलेले वैद्यबंधू व भगिनी नोकरीच्या मुलाखतीस जाताना निदान, पंचकर्म, रुग्णव्यवस्था या विषयांची उजळणी करून जातात. त्यांवरील प्रश्नांना उत्तरेही बरी देतात. मात्र अखेरीस 'आपली वेतनाची अपेक्षा किती?' असे विचारले गेले की त्यांची वाचा बसते. 'आपण द्याल ते', 'इतरांना देता तेवढे', 'सध्या अनुभव मिळाला तरी पुरे' ही तीन उत्तरे आम्ही इतक्या वेळा ऐकली आहेत, की ती अभ्यासक्रमातच असावीत असे वाटावे. प्रस्तुत लेखात या एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. हे त्रैमासिक वाचणाऱ्यांत मुलाखत देणारे आहेत तसे घेणारेही आहेत. रुग्णालय, औषधी भांडार वा औषधनिर्माणशाळा चालविणारे आपले सभासद हा प्रश्न दरवर्षी कोणाला ना कोणाला विचारीत असतात. म्हणून विवेचन दोन्ही बाजूंनी केले आहे.

आम्ही खापर येथे व्यवसाय करतो. अक्कलकुवा तालुक्यातील, बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्गावरील हे गाव गुजरातच्या सीमेलगत आहे. येथून तरुण वैद्यांच्या वाटा साधारणपणे तीन दिशांना फुटतात. काही नंदुरबारला शासकीय कंत्राटी पदांच्या थेट मुलाखतीस जातात, काही सुरत, नाशिक, पुणे येथील खाजगी रुग्णालयांत निवासी वैद्यकीय अधिकारी होतात आणि थोडे औषध कंपन्यांकडे वळतात. निघण्यापूर्वी त्यांतील काहीजण आमच्याकडे येऊन जातात आणि बोलणे हटकून वेतनावर येऊन थांबते.

प्रथम संकोचाचे मूळ पाहू. चिकित्सेचा बाजार मांडू नये हा संस्कार आपल्या शास्त्राने केला आहे. चिकित्सास्थानातील रसायनपादात चरकाचार्यांनी चिकित्सा विकणाऱ्याचा स्पष्ट निषेध केला आहे आणि तो आपण सर्वांनी परीक्षेसाठी का होईना पाठ केलेला आहे. परंतु तो निषेध वैद्य आणि रुग्ण यांच्या नात्यासंबंधी आहे. वैद्य आणि त्याला नोकरीवर ठेवणारा यांच्या नात्याला तो लावणे म्हणजे अधिकरणच चुकविणे होय. त्याच संहितेच्या सूत्रस्थानात, अकराव्या अध्यायात, तीन एषणा सांगितल्या आहेत. प्राणैषणेच्या पाठोपाठ धनैषणा येते, परलोकैषणा त्यानंतर. साधनांवाचून दीर्घायुष्य लाभणे ही आचार्यांनी मोठी आपत्ती मानली आहे, आणि उपजीविकेचे मार्ग सांगताना कृषी, पशुपालन, वाणिज्य यांच्या जोडीने राजोपसेवा, म्हणजे आजच्या भाषेत सरकारी नोकरी, हीही गणली आहे. तेव्हा वेतनाचा आकडा उच्चारल्याने वैद्याचे वैद्यपण उणावते, ही समजूत शास्त्रातून आलेली नाही. ती कोठून आली हा निराळा विषय आहे. असो.

आता हा प्रश्न कोठे खरा असतो आणि कोठे नुसता उपचार असतो, हे ओळखले पाहिजे. शासकीय आणि कंत्राटी पदांचे मानधन जाहिरातीतच छापलेले असते, तेथे घासाघीस करण्यास वाव नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याच्या प्रत्येक फिरत्या पथकात दोन आयुष वैद्यकीय अधिकारी असतात. २०१८ नंतर उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी आले. त्यांच्यासाठी दरमहा २५ हजार रुपये ठोक आणि कामगिरीनुसार १५ हजारांपर्यंत अधिक, अशी रचना सुरुवातीस ठरली. आमच्या भागात नवसंजीवनी योजनेखालील भरारी पथकांचे मानसेवी वैद्यकीय अधिकारी तर १९९५ पासूनची योजना सांभाळून आहेत. त्यांचे मानधन दीर्घकाळ तुटपुंजे होते. २०२१ मध्ये ते ४० हजारांवर नेण्याचा निर्णय झाला. हे सर्व आकडे शासन निर्णयाने बदलतात, मुलाखतीतील वक्तृत्वाने नव्हे. तेथे 'जाहिरातीतील मानधन मान्य आहे' एवढेच उत्तर योग्य. शक्ती खर्च करावयाची ती पुढील प्रश्नांवर करावी: नेमणुकीचे ठिकाण कोणते, निवासस्थान आहे काय, वाहन व प्रवासभत्ता कोणाचा, कामगिरीवर आधारित रकमेचे निकष कोणते आणि ती किती महिन्यांनी हाती पडते, अकरा महिन्यांच्या आदेशानंतर पुनर्नियुक्ती कशी होते. पावसाळ्यात मोलगीकडील डोंगरात ज्याला फिरावे लागणार आहे, त्याच्या दृष्टीने वाहन हा वेतनाचाच भाग आहे.

खाजगी रुग्णालयात मात्र प्रश्न खरा असतो आणि त्याचे उत्तर घरून तयार करून न्यावे लागते.

औषधाची मात्रा सांगण्यापूर्वी आपण देश, काल, बल पाहतो. तोच क्रम येथेही लागू पडतो. पाळी आठ तासांची की बाराची, महिन्यात रात्रपाळ्या किती, खाटा किती, रात्री वरिष्ठ वैद्य रुग्णालयात हजर असतात की फक्त दूरध्वनीवर, निवास व भोजन दिले जाते काय, साप्ताहिक सुटी पगारी आहे काय, आणि रुग्णाच्या नातेवाइकांनी दावा लावल्यास व्यावसायिक दायित्व विमा कोणाच्या नावे आहे, हे कळल्याखेरीज आकडा सांगणे म्हणजे रुग्ण न पाहता चिकित्सापत्र लिहिणे होय. त्या शहरात नोकरी करणाऱ्या दोन-तीन वर्गमित्रांना आधी विचारून ठेवावे. मित्र प्रथम आढेवेढे घेतात, पण सांगतात. मग दोन आकडे मनाशी पक्के करावेत: ज्याच्या खाली जावयाचे नाही तो, आणि जो मिळाल्यास समाधान होईल तो. पहिला आकडा मुलाखतीत सांगावयाचा नसतो.

प्रश्न आला म्हणजे असे म्हणता येते: 'सर, रात्रपाळ्या किती आणि निवास आहे काय, हे कळले तर नेमके सांगता येईल.' माहिती मिळाल्यावर: 'बारा तासांची पाळी आणि महिन्याला आठ रात्री धरून माझी अपेक्षा इतक्या ते इतक्या हजारांची आहे, हाती येणाऱ्या रकमेची.' एवढे बोलून थांबावे. पुढे जी शांतता पसरते ती भरून काढण्याच्या घाईत अनेकजण 'पण कमी असले तरी चालेल, सर' असे स्वतःच म्हणून मोकळे होतात. समोरच्याने तोवर नकार दिलेला नसतो.

'हाती येणारी रक्कम' हे शब्द आम्ही मुद्दाम घातले आहेत. मोठी रुग्णालये आणि औषध कंपन्या वार्षिक 'सी.टी.सी.' सांगतात, म्हणजे त्या कर्मचाऱ्यावर होणारा मालकाचा एकूण खर्च. समजा वार्षिक ३ लाख सांगितले. उमेदवार लगेच महिना २५ हजार असा हिशेब करतो. आता मूळ वेतन १५ हजार धरू. मालकाचा भविष्यनिर्वाह निधीचा १२ टक्के हिस्सा १,८०० रुपये, उपदानाची तरतूद सुमारे ७२० रुपये, उमेदवाराचा स्वतःचा तेवढाच निधी-हिस्सा १,८०० रुपये आणि व्यवसाय कर २०० रुपये वजा जाता हाती उरतात सुमारे २०,४८०. (महाराष्ट्रात मासिक २५ हजारांपर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना २०२३ पासून व्यवसाय कर नाही, तेव्हा भगिनींनी ते २०० रुपये परत मिळवावेत.) भविष्यनिर्वाह निधीतील पैसा आपलाच असतो हे खरे, परंतु घरभाडे त्यातून देता येत नाही.

याच्या उलट प्रकार लहान रुग्णालयांत आढळतो. तेथे वेतन नसतेच, 'व्यावसायिक शुल्क' असते. त्यातून दहा टक्के उद्गम करकपात होते, भविष्यनिर्वाह निधी नाही, पगारी रजा नाही. कापलेला कर विवरणपत्र भरल्यास व एकूण उत्पन्न करपात्र नसल्यास परत मिळतो, परंतु विवरणपत्र भरावे लागते हेच अनेकांना ठाऊक नसते. तेव्हा वेतनावरील २२ हजार आणि शुल्कातील २५ हजार यांत मोठी रक्कम कोणती, याचे उत्तर दिसते तितके सोपे नाही.

'सध्या किती मिळते?' हा या प्रश्नाचा जुळा भाऊ. खोटे सांगू नये. वेतनचिठ्ठी मागितली जाते आणि मग सारेच बोलणे संशयास्पद ठरते. खरा आकडा सांगून लगेच फरक सांगावा: 'सध्या इतके आहे, परंतु तेथे बाह्यरुग्ण विभाग फक्त सकाळचा आहे. येथील काम दुप्पट आहे, म्हणून अपेक्षा त्यानुसार.' अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ मध्ये कायदा करून उमेदवाराला मागील वेतन विचारण्यास मनाई केली. युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशातही तेच आहे, शिवाय मुलाखतीपूर्वी वेतनाची मर्यादा उमेदवारास कळविण्याचे बंधन मालकावर घातले आहे. कारण उघड आहे. पहिल्या नोकरीत ज्याला कमी मिळाले, त्याला पुढील प्रत्येक नोकरीत त्याच आकड्यावर थोडी भर घालून दिली जाते. आपल्याकडे असा कायदा नाही, म्हणून पहिला आकडा जपून ठरवावा लागतो.

भगिनींना आणखी एक वाक्य ऐकावे लागते: 'घरचे कमावते आहेतच ना?' यावर वाद घालू नये, उत्तरही देऊ नये; कामाच्या तासांकडे बोलणे वळवावे.

आमच्या परिचयातील एका तरुण वैद्य भगिनीची हकिगत येथे सांगणे उपयोगी होईल. वसावी ही तिची मातृभाषा, गुजराती चांगली, पावरीही कामापुरती येते. सीमेपलीकडील एका रुग्णालयात तिची निवड झाली. अपेक्षा विचारली असता 'आपण द्याल ते' असे ती म्हणाली. त्या रुग्णालयात डोंगरातून येणाऱ्या रुग्णांशी त्यांच्या बोलीत बोलू शकणारी तीच एकटी होती. सिकलसेलच्या मुलाला घेऊन आलेली आई रात्री दोन वाजता तिच्याशीच बोले. तिच्याच वर्गातील, बोलीचा गंध नसलेला सहकारी मागून येऊन तिच्याहून अधिक वेतनावर रुजू झाला, कारण त्याने आकडा सांगितला होता. आठ महिन्यांनी ती नोकरी सोडून शहरात गेली. वेतनवाढ मागितली होतीस काय, असे आम्ही विचारले. 'आपणच द्याल ते म्हटले होते, मग कोणत्या तोंडाने मागू?' असे ती म्हणाली.

बोली येणे ही आमच्या भागात पदव्युत्तर पदविकेइतकी मोलाची पात्रता आहे आणि ती वेतनाच्या बोलण्यात उघडपणे मांडली पाहिजे, असे आमचे मत आहे. 'मी रुग्णाचा पूर्ववृत्तान्त दुभाष्याशिवाय घेऊ शकते' हे एक वाक्य पुरते. अशा वैद्याने नोकरी सोडली म्हणजे मालकाला दुसरा मिळतो. ज्या रुग्णांनी दोन-चार वेळा येऊन विश्वास टाकलेला असतो, ते मात्र पुन्हा भगताकडे किंवा सलाईन लावणाऱ्या बोगस डॉक्टरकडे वळतात. कमी वेतनावर जे टिकतात त्यांच्यातही काहीजण तूट भरून काढण्यासाठी प्रयोगशाळेच्या आणि औषधांच्या टक्केवारीकडे पाहू लागतात. ते वेतन शेवटी रुग्णाच्याच खिशातून जाते.

औषधनिर्मात्यांकडील नोकरीबाबत एक सूचना स्वतंत्रपणे करणे भाग आहे. आयुर्वेदीय औषधनिर्मितीच्या परवान्यासाठी पात्र तांत्रिक व्यक्तीची पूर्णवेळ नेमणूक आवश्यक असते. काही ठिकाणी 'यावयास नको, फक्त प्रमाणपत्र द्या' असा प्रस्ताव येतो आणि त्यासाठी अपेक्षा विचारली जाते. तेथे कोणताही आकडा सांगू नये. भस्मात दोष निघाला तर चौकशीच्या कागदावर सही आपली असते आणि खरल कोणी केला हे आपण पाहिलेलेही नसते.

आता प्रश्न विचारणाऱ्यांसाठी थोडे. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे दोन प्रकार सांगितले आहेत, संधाय आणि विगृह्य. मुलाखत ही पहिल्या प्रकारची असावयास हवी; उमेदवाराला कोंडीत पकडून हजार-दोन हजार वाचविणे हा दुसरा प्रकार झाला. फार्मसीचालक व रुग्णालयचालक बंधूंनी जाहिरातीतच 'इतक्या ते इतक्या हजारांपर्यंत, अनुभव व बोलीज्ञानानुसार' असे छापावे. न परवडणारे उमेदवार येणारच नाहीत आणि दोघांचाही दिवस वाचेल. लहान औषधी भांडाराला मोठ्या शहराचे वेतन परवडत नाही हे आम्ही जाणतो. तसे असल्यास स्पष्ट सांगावे आणि सहा महिन्यांनी फेरविचार करण्याची तारीख द्यावी.

ठरलेली रक्कम, ती वेतन की शुल्क, पाळ्या, रजा, फेरविचाराची तारीख आणि सूचनेचा कालावधी हे सारे नेमणूकपत्रात लिहून उमेदवारास प्रत द्यावी. ज्यांच्याकडे वीस वा अधिक कर्मचारी आहेत त्यांनी भविष्यनिर्वाह निधीचा उल्लेख करावा. आणि पदवीची वा नोंदणीची मूळ प्रमाणपत्रे 'तारण' म्हणून कपाटात ठेवून घेण्याची जी प्रथा काही ठिकाणी आहे ती बंद करावी. मूळ प्रत पडताळून त्याच दिवशी परत द्यावी, दप्तरी छायाप्रत पुरते.